न लिहिलेला निबंध

पोस्टकार्ड दोन दिवस उशिरा आलं, एवढंच खरं तर झालं. नववी ब च्या तासाला आकाराम फळ्यावर 'पटवून देणारा निबंध : समस्या व उपाय' असं लिहून खाली मुद्दे घालत होता. शिपाई कार्ड टेबलावर ठेवून गेला. आकारामनं खडू हातात धरूनच ते वाचलं. अक्षर गावच्या पोस्टमनचं होतं, बोलणं आबांचं. 'चि. आकारामास अनेक आशीर्वाद. विशेष. आपला माळ बंद करण्याची नोटीस चावडीवर लागली आहे. झाडे लावून कुंपण होणार व दहा वर्षे मेंढरू आत जाणार नाही. हरकती सोमवारपर्यंत घेणार आहेत. मेंढरे विकावी लागतील असे लोक म्हणतात. तू काळजी करू नये. तुझा पेपरातला कागद मजपाशी आहे. तो घेऊन मी सोमवारी जतला रेंजरसाहेबाकडे जात आहे. तू लिहिले आहेस ते त्याने वाचले म्हणजे काम होईल. आईची तब्येत ठीक.' आज सोमवारच होता. फळ्यावरचा चौथा मुद्दा अर्धा राहिला होता, 'विरुद्ध बाजूचे म्हणणे' इथपर्यंत. पोरं माना वर करून पुढच्या शब्दाची वाट बघत होती. आकारामच्या कानशिलापासून मानेपर्यंत काहीतरी गरम उतरत गेलं आणि आपण वर्गासमोर उभे आहोत की वर्ग आपल्यासमोर उभा आहे, हे त्याला क्षणभर कळेना. मग त्यानं फळा पुसून टाकला, सगळा, मुद्दे लिहून घ्यायचे राहिलेल्या पोरांची कुरकुर होत असतानाच.

हेडमास्तरांना त्यानं सांगितलं, वडील आजारी आहेत. त्यांनी लगेच रजा दिली, वर खांद्यावर हातही ठेवला. त्यांच्या खुर्चीमागं भिंतीवर ते प्रशस्तिपत्र टांगलेलं होतं. सातारच्या एका साप्ताहिकाच्या निबंध स्पर्धेतलं पहिलं बक्षीस, सन एकोणीसशे चौऱ्याहत्तर, आकाराम अर्जुना हाके. खरं तर त्याच्या खोलीत लागायचं ते; पण हेडमास्तरांनी हौसेनं चौकट करून इथं लावलं होतं, कारण मुलाखतीच्या दिवशी त्यांनी तेवढं एकच बघून नोकरी दिली होती. प्रत्येक जूनमध्ये नव्या पोरांना ते सांगत, दुष्काळी भागातला, मेंढपाळाच्या समाजातला मुलगा, आणि आपल्याच समाजाच्या चुका दाखवायची छाती बघा. त्या वेळी आकाराम बुटाच्या टोकाकडे बघत राही. लोकांना तो विनय वाटे.

सांगलीहून सुटणाऱ्या जतच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली. मार्केटातल्या हळदीचा वास मिरजेपर्यंत अंगाला चिकटून होता, पुढं तो कधी गेला ते कळलं नाही. गाडी वेळेवर पोचली तर अडीच वाजणार. आबा सकाळच्या गाडीनंच गेले असणार. धुवट धोतर, डोक्याला तांबडं मुंडासं, खांद्यावर घोंगडी, आणि मुंडाशाच्या घडीत तो कागद. दोन वर्षं कागद तिथंच होता. मुंडासं बदललं की कागद निघून नव्या घडीत जायचा. घामानं पिवळा पडला होता, घड्यांवर फाटायला आला होता, त्यातला आकारामचा फोटो तर बोटं लागून लागून कुणाचाही म्हणून खपला असता. आत्ता, या घटकेला, तो कागद एखाद्या टेबलावर उलगडला जात असेल. वाचता येणारा माणूस तो वाचत असेल. आकारामनं डोळे मिटले. जमिनीनं पोटात घ्यावं म्हणतात, पण एस.टी.च्या फळीखाली जमीनही धड सापडत नव्हती.

साताऱ्यात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना त्यानं तो निबंध लिहिला. 'दुष्काळी भागातील एक प्रश्न व त्यावरील उपाय', शब्दमर्यादा पंधराशे. पहिला खर्डा तसा प्रामाणिक होता आणि म्हणून लंगडा होता. त्यात मेंढरं माळ खातात असंही होतं आणि मेंढरं शेत पोसतात असंही होतं. दिवाळीनंतर जतकडची मेंढरांची खांडं कृष्णाकाठी उतरतात, ऊसवाले शेतकरी त्यांना बोलावून आपल्या रानात बसवतात, वाघर म्हणजे जाळ्याचं कुंपण करून रात्ररात्र मेंढरं एका जागी ठेवतात, आणि त्या लेंड्यांवर पुढच्या सालचा ऊस उभा राहतो, हे सगळं त्यानं लिहिलं होतं. तो परिच्छेद लिहिताना त्याला त्या खताचा ओला ऊबदार वासही आला होता. त्याच्या सरांनी लाल पेन्सिलीनं तिथंच रेघ मारली. म्हणाले, "हाके, पटवून द्यायचं असेल तर दोन्ही डगरींवर पाय ठेवून चालत नाही. दोष एकाचाच दाखव. वाचणाऱ्याला कुणावर रागवायचं ते कळलं पाहिजे." सर वाईट नव्हते. निबंध कसा लिहावा तेवढंच त्यांनी सांगितलं. परिच्छेद काढला तो आकारामनं, स्वतःच्या हातानं, आणि काढल्यावर निबंध कसा सुळसुळीत धावायला लागला, याचा जो आनंद झाला तो त्याला आजही आठवत होता. लाज कशाची वाटते याचा नीट शोध घेतला तर ती त्या आनंदापाशी येऊन थांबत होती. कुणी त्याच्या मानेवर सुरी ठेवली नव्हती. त्याला ते लिहिताना मजा आली होती.

मेंढरू हेच माळाचं दुखणं. माळ दहा वर्षं बंद करा, झाडं लावा, पाऊस येईल, आणि या लोकांना कळप विकायला लावून एका जागी बसवा. 'हे लोक' असं त्यानं अकरा ठिकाणी लिहिलं होतं. आणि जिवंतपणा यावा म्हणून मधे एक प्रसंग घातला होता. बाहत्तरच्या दुष्काळात माळावर एक बाई लांब काठीच्या आकडीनं बाभळीचा शेवटचा शेंडा ओढून कोकरांना घालत होती. 'मी तिला विचारले, बाई, हे झाड पुन्हा येईल का? ती नुसतीच हसली.' परीक्षकांना तेवढी जागा फार आवडली होती. 'अज्ञानाचे इतके बोलके चित्र' असं त्यांनी लिहिलं होतं. बाई तानुबाई होती, त्याची आई. आणि त्यानं तिला काही विचारलं नव्हतं, तो सुट्टीत घरी आला होता आणि ओढलेल्या फांद्या गोळा करत होता. आई हसलीही नव्हती. आकडी लावण्याआधी तिनं बाभळीच्या खोडाला हात लावून तो कपाळाला नेला होता, आणि खाली बघत म्हणाली होती, "आई माजे, आता तूच ऱ्हायलीस गं." कोकरं वाचली नाहीत. झाड मात्र पुढच्या पावसाळ्यात बुडातून फुटलं. हे त्याला ठाऊक होतं लिहिताना. कवठ्याच्या पुढं बाजरीची खुरटी रानं लागली आणि गाडी रिकामी होत गेली तसं त्याला वाटलं, उतरावं, कुठंही, आणि चालत उलटं सांगलीला जावं. पण कंडक्टरनं घंटी मारली की तो जागचा हलत नव्हता, हेही खरं.

बक्षीस समारंभाला पाहुणे म्हणून हंबीरराव आले होते. फौजेतून सुभेदार म्हणून उतरलेले, कराडच्या खाली कृष्णेला लागून त्यांचा पंचवीस एकर ऊस. पांढरा फेटा, ताठ मान. आकारामनं त्यांना लांबूनच ओळखलं. सात-आठ वर्षांचा असताना त्यांच्या विहिरीशेजारी आईच्या घोंगडीत तो दोन हिवाळे झोपला होता. बाजूला वाघरीत दीडशे मेंढरं, आणि सकाळी हंबीरराव स्वतः रानातून फिरत म्हणायचे, "अर्जुना, आनि चार राती बसव रं हितं. पट्टा काळा झाला पायजे." समारंभानंतर चहा पिताना त्यांनी विचारलं, "कुणीकडचे तुम्ही?" तो म्हणाला, जतकडचा. "घरची शेती?" तो म्हणाला, हो. एका अक्षराचा शब्द, पण तो घशातून निघून कपात पडल्यासारखं वाटलं. हंबीरराव खूश होते. "लय बरोबर लिवलंय. ह्यांनी डोंगर खाल्लं, माळ खाल्लं. तुमच्यासारख्या तिथल्याच पोरानं सांगितलं म्हंजे सरकारला वजन पडतं. ह्याच्या चार प्रती काढून वर धाडतो मी." त्याच वर्षी दिवाळीनंतर त्यांचा निरोप आबांना आलाच, यंदाबी खांड घेऊन या म्हणून. आबा गेले. आकारामनं साताऱ्याहून पत्रात 'जपून जा' एवढंच लिहिलं.

आणि या सगळ्याहून वाईट ती उन्हाळ्यातली दुपार. अंक घेऊन तो घरी गेला तेव्हा छपराच्या सावलीत आबा लोकर कातरत होते आणि आई चकलीवर, म्हणजे हातातल्या चातीवर, लोकरीचं सूत काढत होती. फोटो बघून दोघांचे हात थांबले. आबांनी कात्री धोतराला पुसली, विनाकारण. "काय लिवलंयस?" "आपल्या माळाबद्दल." "चांगलं का वंगाळ?" "चांगलंच की." "मग वाच." आकारामनं अंक डोळ्यांसमोर धरला. पहिली ओळ होती, 'ज्या प्राण्याने या भूमीचे वस्त्र ओरबाडले...' त्याच्या तोंडून निघालं, "माळ हा आमचा पोशिंदा आहे." मग थांबायचं कसं ते त्याला कळेना. तो बोलत गेला, कागद पुढं धरून, मधेच पान उलटून. मेंढरू गवताचं, झाडाला ते भुकेनंच लागतं. माळ एकदम बंद करू नका, त्याचे तीन वाटे करा. एक वाटा राखा, दोन चरायला सोडा, दोन वर्षांनी फिरवा. तळ्याकडची पाण्याची वाट मोकळी ठेवा. राखण करायला बाहेरचा माणूस नको, मेंढक्यांचाच ठेवा, ज्याला माळ लागतो तोच माळ राखतो. नदीकाठचा ऊस आमच्या लेंड्यांवर वाढतो, तेव्हा आमच्या माळाचं देणं नदीकाठालाही लागतं. हे शब्द कुठून आले कुणास ठाऊक. खर्ड्यातून काढलेला परिच्छेद होता त्यात, आबांच्या तोंडची दहा वर्षांची बोलणी होती, आणि काही त्या वेळीच सुचलेलं होतं. वाचून झालं. मग त्यांनी अंकाचं ते पान कात्रीनं कापून घेतलं, लोकर कातरतात त्याच कात्रीनं, आणि मुंडाशात ठेवलं. आई मात्र त्याच्याकडे बघत होती. तिची चकली थांबली होती.

त्यानंतर आबा तो निबंध गावभर सांगत सुटले. वाचता येत नाही त्या माणसाच्या डोक्यात एकदा बसलेलं निघत नाही. पारावर, बाजारात, मेंढक्यांच्या वाड्यावर, "आकानं असं लिवलंय बगा" म्हणून ते तीन वाट्यांची गोष्ट शब्दाला शब्द सांगायचे. ऐकणारेही वाचता न येणारे. चोराच्या मनात चांदणं, तशी आकारामला गावात शिरताना पाराची धास्ती वाटायची. येणं त्यानं कमी केलं. शाळा, पेपर तपासणी, कारणं काय कमी असतात.

जतला उतरून तो जवळजवळ पळतच गेला. वनखात्याची कचेरी म्हणजे दोन खोल्या आणि पुढं पडवी. पडवीच्या कडेला काळ्या पिशव्यांत बाभळीची नि सुबाभळीची रोपं ओळीनं मांडलेली. आबा पायरीवर बसले होते, घोंगडी मांडीवर. त्याला बघून त्यांचं तोंड उजळलं. हरलेल्या माणसाचं ते तोंड नव्हतं, आणि तेच त्याला बघवेना.

"बरं झालं आलास. कार्ड पोचलं म्हनायचं. ह्या सायेबाला काय वाचता येत न्हाई बग."

आतून तरुण रेंजर बाहेर आला. थकलेला, खाकी शर्टाची वरची दोन बटणं उघडी. "तुम्हीच गुरुजी का? बरं झालं. मी तीनदा वाचून दाखवलं यांना. म्हणतात, हे त्यात नाहीच, तुम्ही तुमच्या मनचं वाचताय."

"मग काय तर," आबा म्हणाले. "मी सांगतोय माळाचं तीन वाटं, ह्यो म्हनतोय समदा बंद करा. माजा पोरगा असं कशाला लिवल? आका, तू वाच. तुज्या तोंडनं ऐकंल त्यो."

कागद रेंजरच्या हातून त्याच्या हातात आला. रेंजरला सगळं कळलं होतं, हे त्याच्या डोळ्यांवरून दिसत होतं. आणि हसू फुटू नये म्हणून त्यानं जे ओठ मिटले होते त्यात दया होती. आकारामला ती दया थोबाडीत बसली. अजूनही एक वाट होती. रेंजरला बाजूला घेऊन काहीतरी सांगता आलं असतं, आबांना म्हणता आलं असतं की पेपरवाल्यांनी शब्द बदलले. जीभ त्या बाजूला वळतही होती. आबा पायरीवरून उठून नीट उभे राहिले होते, देवळात उभं राहतात तसे, घोंगडी काखेत घेऊन. त्यानं घसा खाकरला आणि वाचायला सुरुवात केली. "ज्या प्राण्याने या भूमीचे वस्त्र ओरबाडले, तो प्राणी म्हणजे मेंढी."

त्यानं सगळं वाचलं. हे लोक, हे लोक, हे लोक. बाभळीपाशी आला तेव्हा थांबला. "पुढं," आबा म्हणाले. "मी तिला विचारले, बाई, हे झाड पुन्हा येईल का? ती नुसतीच हसली." पुढचं त्यानं कसं वाचलं ते त्याला आठवलं नसतं. संपल्यावर रोपांच्या पिशव्यांतून पाणी टपकत होतं तेवढाच आवाज राहिला. रेंजर आत निघून गेला.

"बाभळीची ती बाई," आबा म्हणाले.

"आई."

"ती हासली न्हवती."

"न्हाई."

"मग त्या दिवशी छपरात वाचलंस ते?"

"ते लिवलेलं न्हवतं, आबा. मी नुसतं बोललो."

आबांनी त्याच्या हातून कागद घेतला. ते फाडतील असं त्याला वाटलं, फाडावा असं फार वाटलं. त्यांनी तो जुन्याच घड्यांवर दुमडला आणि मुंडाशात ठेवून दिला. मग पायरीवर बसून त्यांनी समोरच्या रस्त्याकडे बघत सांगितलं, "तुजी आई तवाच म्हनली हुती मला. पोराचं डोळं कागदावर हालत न्हवतं म्हनून. सूत कातनाऱ्या बाईची नजर ती. मी तिला गप केलं. म्हनलं, शिकलेल्या मानसाला डोळं हालवावं लागत न्हाईत."

आकाराम उभाच होता. काहीतरी बोलायला हवं होतं, पण जे शब्द येत होते ते सगळे चांगले बांधलेले होते, आणि म्हणून त्याला त्यांचा विटाळ वाटत होता. आबांनी शिवी दिली असती तर तो तिथं रडला असता. त्यांनी सूर्याकडे बघितलं. "कचेरी कवा बंद व्हती?"

"पाचाला."

"मग बस. लिव."

"काय लिहू?"

"ते छपरातलं. मला येतंय समदं."

रेंजरनं कागद दिला, टाक नको म्हणून स्वतःचं पेन दिलं. आकाराम पडवीतल्या बाकावर बसला. आबा सांगू लागले. "माळ हा आमचा पोशिंदा आहे." 'आहे' असंच म्हणाले, 'हाय' नाही, त्या दिवशी त्यानं म्हटलं होतं तसं. एकही शब्द ढळला नव्हता. तीन वाटे, पाण्याची वाट, मेंढक्यांचाच राखणदार. आकाराम मधलं बरंच विसरला होता. नदीकाठानं माळाचं देणं लागण्याची ओळ ऐकताना ती आपली आहे यावर त्याचा विश्वास बसेना. एका जागी तो थांबला, वाक्य जरा सरळ करावं म्हणून. आबा म्हणाले, "तसं न्हवतं. हुतं तसं लिव." त्यानं तसं लिहिलं. वर्गात तो पोरांना निबंध सांगायचा आणि पोरं लिहून घ्यायची, ते त्याला आठवलं. हस्ताक्षर नववीतल्या पोरासारखंच वेडंवाकडं येत होतं.

साडेचारला अर्ज पुरा झाला. आबांनी अंगठा दिला. रेंजरनं तो उभ्यानंच वाचला, दुसऱ्यांदा वाचला. "हे चांगलं आहे," तो म्हणाला. "वाट्यांचं तर वर पाठवण्यासारखं आहे. पण गुरुजी, एक अडचण आहे." त्यानं आतून फाइल आणली. हंबीररावांच्या पत्राला टाचून तोच लेख होता, कोरा करकरीत, पांढरा, फोटो स्वच्छ दिसणारा. वर शेरा होता : 'त्याच भागातील सुशिक्षित तरुणाचे मत.' "तोही तुमचाच, हाही तुमच्याच अक्षरात. वर कुणी विचारलं तर मी कोणता खरा धरू?"

"हा."

"मग तसं खाली लिहून द्या. नावानिशी. नाहीतर ह्या अर्जाला तो लेखच खाईल."

हेडमास्तरांच्या खुर्चीमागची चौकट त्याच्या डोळ्यांपुढं आली. हा कागद इथून साताऱ्याला, सांगलीला, कुठंही जाऊ शकत होता. हंबीररावांच्या हातात तर जाणारच होता. त्यानं पेन पुन्हा घेतलं आणि अंगठ्याच्या खाली उरलेल्या जागेत लिहायला लागला. चार ओळी झाल्या. सही केली.

"काय लिवलंस?" आबांनी विचारलं.

"वाचून दाखवतो."

"वाच."

त्यानं कागद उचलला. "मी, आकाराम अर्जुना हाके, लिहून देतो की माझा पूर्वीचा लेख खोटा आहे. मी त्याच माळावरच्या मेंढक्याचा मुलगा आहे. त्या लेखातली बाभळीची बाई माझी आई तानुबाई आहे. ती हसली नव्हती." तो वाचत होता, सावकाश, एकेका शब्दावर थांबत, आणि आबा कागदाकडे बघत नव्हते. ते जरा पुढं वाकून त्याच्या डोळ्यांकडे बघत होते.